शंका लिहायची जागा

ऑगस्टचा शेवटचा आठवडा लागला की दोह्यात चष्मा लावणारी माणसं लांबून ओळखू येतात. ऑफिसच्या थंडगार दारातून बाहेर पाऊल टाकलं की ती जागच्या जागी थबकतात. काचा पांढऱ्या होतात, समोर उभी केलेली स्वतःची गाडी दिसेनाशी होते, आणि भरदुपारी, लख्ख उन्हात, चांगली शिकलीसवरलेली माणसं हात पुढे करून चाचपडत राहतात. मी त्यातलीच एक. दारातून निघण्याआधी चष्मा काढून हातात धरावा, एवढी साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत अंगवळणी पाडता आलेली नाही.

इथली माणसं या दिवसांना नुसतं ‘रतूबा’ म्हणतात. दमटपणा. जून-जुलैत वाळू उडवणारा कोरडा वारा ऑगस्टमध्ये पडतो, तापलेल्या समुद्रावरून वाफ उठते आणि शहरावर येऊन बसते. पाऊस नाही, ढग नाहीत, तरी सगळं ओलं. जिन्याचा कठडा ओला, गाडीचं दार ओलं, एसीच्या खाली फरशीवर डबकं. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकले तरी मीठ पाझरतंच. नाशिकच्या कोरड्या हवेत वाढलेल्या मला पहिल्या वर्षी वाटलं होतं, की या गावाला ताप आलाय आणि तो उतरण्याची वाट बघायची. आता वाट बघत नाही. हे दिवस आले की मला एका माणसाची आठवण येणार आणि माझं लक्ष कशात लागणार नाही, हे मी धरूनच चालते.

या वर्षी नेमकी याच आठवड्यात एक ई-मेल आली. मी आता वेस्ट बेमधल्या एका टॉवरमध्ये काम करते, माणसांना शिकवण्याच्या खात्यात. आमची कंपनी बाहेरच्या एका कंपनीकडून नवं तंत्रज्ञान घेणार आहे. त्याआधी सगळ्या वरिष्ठांसमोर मी दहा मिनिटं बोलायचं. विषय: दोन संस्थांमधलं तंत्रज्ञानाचं हस्तांतर यशस्वी कशामुळे होतं? खाली एक ओळ होती, ‘तुमचा या विषयातला अनुभव मोठा आहे.’ ती वाचून मी मोठ्यानं हसले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मान वर करून पाहिलं.

पहिल्या स्लाइडवर मी तीन ओळी लिहिल्या. चांगली कागदपत्रं, स्पष्ट करार, पुरेसं प्रशिक्षण. मग तिन्ही पुसल्या. अनुभव मोठा आहे हे खरं. तो कसला, ते त्यांना ठाऊक नाही.

आम्ही इथे आलो ते नव्वदीच्या दशकाच्या शेवटी शेवटी. नवरा, मुकुंद, गॅसच्या धंद्यातल्या नोकरीवर आला आणि मी तीन वर्षांच्या ईराला कडेवर घेऊन त्याच्या मागे. अल सद्दमध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. माझ्याकडे केमिकल इंजिनिअरिंगची पदवी होती आणि घरात बसून ती कुजत चालल्याची भीती होती. म्हणून शहराच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या एका छोट्या कंपनीत कागदपत्रं सांभाळायची नोकरी निघाली, तेव्हा मी मान खाली घालून ती घेतली. समुद्राचं पाणी गोडं करायचा तो कारखाना. आजूबाजूच्या दोन-तीन कारखान्यांना आणि जवळच्या कामगार वस्तीला त्याचं पाणी जायचं. यंत्रं आणि ज्ञान एका परदेशी कंपनीचं, विकत घेणारे आम्ही. त्यांनी सगळं आमच्या हाती सोपवायचं आणि निघून जायचं, असा करार होता.

सोपवायचं म्हणजे काय, तर खोकी आली. खोक्यांत निळ्या पाठीच्या फाइली, फाइलींत नकाशे, याद्या, सूचना. प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, यादीत चढवायचा, त्यांची सही, आमची सही. मला हे काम मनापासून आवडलं. मी टापटिपीची बाई आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना तेव्हाही लेबलं होती, आजही आहेत. मुकुंद चिडवायचा, ‘‘एक दिवस मलाही नंबर टाकून फडताळात ठेवशील.’’

त्या खोक्यांबरोबर एक म्हातारा आला होता, योहान. परदेशी कंपनीनं शिकवायला पाठवलेला. उंच, वाकलेला, कानांत केस, इंग्रजी जेमतेम. आणि शिकणाऱ्यांमध्ये होते इस्माईलभाई. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. अर्धं आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये काढून मग इथे ऑपरेटर म्हणून लागलेले. पन्नाशीचे, बुटके, नेहमी इस्त्रीचा शर्ट, जाड काचांचा चष्मा. ऑफिसात ते मला मॅडम म्हणायचे. एकदा माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांनी खाल्ली, तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, आणि तेव्हापासून आसपास कुणी नसलं की मी ‘बाय’ झाले. माझ्या माहेरी मला कुणी बाय म्हटलं नव्हतं. परक्या देशात ते ऐकायला फार बरं वाटायचं.

योहान आणि इस्माईलभाईंना मिळून सामाईक असे शब्द किती होते कोण जाणे, फार नसावेत. पण रोज संध्याकाळी सहाला पाळी बदलताना ते दोघं फिरायला निघायचे. जाणारी पाळी आणि येणारी पाळी, दोन्हींनी एकत्र सगळ्या यंत्रांपाशी एक फेरी मारायची, अशी योहानची पद्धत होती. त्याच्या मायदेशातल्या कारखान्यात म्हणे त्याच्या आधीची माणसंही असंच करत. अर्धा तास लागायचा. ही फेरी निळ्या फाइलींत कुठेच लिहिलेली नव्हती. मी शोधली होती. जी गोष्ट रोजच करायची ती लिहून ठेवायची असते, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नसावं.

पहिल्या वर्षीच्या दमट दिवसांत एका संध्याकाळी कंपनीची बस उशिरा यायची होती, म्हणून मीही त्यांच्यामागे गेले. पंपाची घरघर, वाफेचा वास, पायाखाली ओलं. योहान एका पंपाजवळ थांबला आणि त्यानं बेअरिंगवर हात टेकवला, पण उलटा, पंज्याची मागची बाजू. इस्माईलभाईंनीही तसाच टेकवला.

‘‘उलटा का?’’ मी विचारलं.

‘‘भाजला तर हात आपसूक मागं येतो बाय,’’ इस्माईलभाई म्हणाले. ‘‘सुलटा लावला तर मूठ वलते, मग सुटत नाय. बोटीवर आमी पन आसाच बगायचो. ह्या म्हाताऱ्याला आन् आमाला शिकिवनारा एकच आसंल कुनीतरी.’’

बेअरिंगच्या बाजूला एक लहानशी गोल काच होती. आतलं तेल दिसावं म्हणून. योहाननं चष्मा पुसला, वाकून पाहिलं, आणि इस्माईलभाईंना पुढे केलं. इस्माईलभाईंनी पाहिलं, त्यांच्या चष्म्यावर वाफ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. मग योहाननं पुन्हा. दोघं लहान मुलांसारखे आळीपाळीनं त्या काचेत डोकावत होते.

‘‘काय बघताय एवढं?’’

‘‘या दिसांत हवेतला पानी तेलात उतरतो. मग तेल दुदासारका होतो. जरासाच. पातली कमी होत नाय, उलटी वाडते. म्हनून नुसती पातली बगून भागत नाय.’’ त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. ‘‘पन काचंलाही घाम, चष्म्यालाही घाम. पांडरा दिसतोय तो तेल का आपला डोला, ह्या एकल्याला कलत नाय. दुसरा मानूस लागतो.’’

योहानला यातलं अक्षरही समजलं नव्हतं, पण तो मान हलवत होता. मग त्यानं आपल्या बोटांनी दाखवलं, दोन चष्मे.

मी त्या संध्याकाळी घरी येऊन मुकुंदला हे सांगितलं, गंमत म्हणून. दोन म्हातारे आणि एक काच. तो हसला, मीही हसले. आज वाटतं, तंत्रज्ञानाचं हस्तांतर म्हणतात ते मी आयुष्यात एकदाच डोळ्यांनी पाहिलं आणि ते मी विनोद म्हणून घरी नेलं.

लग्नानंतर भाकरी जमेना तेव्हा मी आईला पत्र लिहिलं होतं. तिनं उलटटपाली कळवलं, ‘पीठ चांगलं मळ.’ चांगलं म्हणजे किती, हे काही त्या पत्रात मावलं नाही. सुट्टीत घरी गेले तेव्हा तिनं माझा हात धरून पिठात दाबला आणि म्हणाली, ‘एवढं.’ आईनं दोन शब्दच लिहिले, त्यात तिचा दोष नव्हता. तिच्याजवळचं जे काही होतं ते तिच्या तळव्यात होतं आणि ते घ्यायला मला तिथे जाऊन उभं राहावं लागलं. हे मला पुरतं ठाऊक होतं. परातीपाशी ठाऊक होतं. ऑफिसात खुर्चीवर बसलं की मात्र मी लेबलवाली बाई व्हायचे.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये योहानची मुदत संपत आली. शेवटच्या बैठकीत टिपणं घ्यायला मी होते. आमचे मॅनेजर खुशीत होते. सगळे कागद मिळाले, सगळ्या सह्या झाल्या. योहाननं हात वर केला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की त्याला अजून एक दमट मोसम इथे राहू द्यावं. फक्त ऑक्टोबरपर्यंत.

‘‘का? काही शिकवायचं राहिलंय?’’ मॅनेजरांनी विचारलं.

‘‘नाही. पहिल्या मोसमात मी बघितलं आणि हे ऑपरेटर माझ्याबरोबर होते. दुसऱ्या मोसमात ते बघतील आणि मी खिशात हात घालून उभा राहीन. मग जाईन.’’

खिशात हात घालून उभं राहण्यासाठी तीन महिने द्यायचे, ही कल्पना कुणालाच झेपली नाही. मी टिपणात लिहिलं, ‘मुदतवाढीची विनंती. तांत्रिक कारण नाही.’ ते वाक्य माझंच आहे. मॅनेजर असं म्हणाले नव्हते, त्यांनी नुसती मान हलवली होती. तिचं स्वच्छ इंग्रजी मी केलं.

योहान गेला त्या दिवशी इस्माईलभाईंनी त्याला गावच्या आमसुलांची पुडी दिली. ती कशाशी खायची हे त्याला कसं सांगितलं असेल, देव जाणे. दोघांनी उलटे हात एकमेकांच्या गालांना लावले आणि हसले. मी खिडकीतून पाहत होते.

पुढे जे झालं ते माझ्या हुशारीमुळे झालं. मॅनेजरांना फेरी खुपत होती. दोन माणसं अर्धा तास नुसती हिंडतात, असं त्यांना दिसायचं. त्यांनी मला पाळीबदलाचा एक फॉर्म करायला सांगितलं. मी तो असा केला की बघत राहावं. एका पानावर सगळी यंत्रं, प्रत्येकापुढे दोन चौकटी, ठीक आणि ठीक नाही. पंप, ठीक. तेलाची पातळी, ठीक. खाली जाणाऱ्याची सही, येणाऱ्याची सही. पहिल्या मसुद्यात उजवीकडे शेऱ्याचा रकाना होता. महिनाभर चालवून पाहिला, तर त्यात कुणी हिंदीत लिहिलेलं, कुणी मल्याळममध्ये, कुणी पंपाचं चित्र काढून त्यावर प्रश्नचिन्ह टाकलेलं. असले शेरे तपासायचे कसे आणि फाइल कुठे करायचे? मी रकाना काढून टाकला. फॉर्म सुटसुटीत झाला. सोबतच्या पत्रात मी लिहिलं, ‘या फॉर्ममुळे दोन्ही पाळ्यांनी एकत्र फेरी मारण्याची गरज उरत नाही.’

मला शाबासकी मिळाली. सगळ्यांसमोर, टाळ्यांसकट. त्या कंपनीत ऑफिसकामाला मी एकटी बाई होते. त्या टाळ्या मला किती हव्या होत्या ते मी आज लपवत नाही.

ऑगस्ट लागल्यावर एका सकाळी इस्माईलभाई माझ्या टेबलाशी आले. फॉर्म हातात, चष्मा कपाळावर.

‘‘बाय, ह्यात शंका लिवायची जागा कुठं हाय?’’

‘‘शंका?’’

‘‘म्हंजे आसा, ठीक पन नाय, बिघडलाय पन नाय. नुसता मनात येतो, की उद्या कुनीतरी परत बगावा. तो कुठं लिवू?’’

मी हसले. वाईट हसले नाही, लाडानं हसले, तेच जास्त टोचतं. म्हणाले, ‘‘इस्माईलभाई, फॉर्मला शंका कळत नाही. ठीक आहे की नाही, एवढंच सांगा त्याला.’’

‘‘बरा,’’ ते म्हणाले. ‘‘तुमी केलाय म्हंजे चांगलाच आसंल.’’ आणि चष्मा डोळ्यांवर ओढून गेले.

तीनेक आठवड्यांनी मुख्य पंपाचं बेअरिंग जळून जाम झालं. पंप बंद, त्यामागे एकेक करत सगळा कारखाना बंद. कुणाला इजा झाली नाही, असं अहवालात म्हटलंय. पण शेजारच्या कामगार वस्तीत दोन दिवस पाणी नव्हतं, त्या हवेत. आमची बस रस्त्यानं जाताना मी पाहिलं, माणसं रिकामे कॅन घेऊन ओळीनं बसली होती. कुणी भांडत नव्हतं. त्यांच्या अंगावरचे कपडे घामानं चिकटलेले आणि ओठ कोरडे होते. मी मान फिरवली.

बेअरिंगचं तेल काढलं तेव्हा ते ताकासारखं निघालं. मागच्या कितीतरी पाळ्यांचे फॉर्म काढले. तेलाची पातळी, ठीक, ठीक, ठीक. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. पातळी ठीकच होती. शेवटच्या फॉर्मवर जाणाऱ्याची सही इस्माईलभाईंची. येणारा ऑपरेटर नवा होता, महिन्याभरापूर्वी लागलेला. त्यानं टेबलावर सही केली होती, माझ्या फॉर्ममध्ये बसूनच सही करायची सोय होती.

चौकशीत इस्माईलभाईंनी सरळ सांगितलं, ‘‘त्या संध्याकाळी काच पांढरी दिसली. वाटलं, माझ्या चष्म्यावर वाफ आहे. पुसला, परत दिसली. मग वाटलं, काचेला घाम आहे. पातळी बरोबर होती, म्हणून खूण केली.’’ हे त्यांनी हिंदीत सांगितलं आणि समितीसाठी त्याचं इंग्रजी मी केलं. ‘त्यांना दोष दिसला होता, तरी त्यांनी ठीक अशी खूण केली.’ असं मी म्हटलं नव्हतं, पण समितीची टिपणं घेणाऱ्यानं तसं लिहून घेतलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

मग समितीनं मला विचारलं, ‘‘फॉर्म पुरेसा आहे का?’’

इथे मी थांबायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, की या माणसानं मला आधीच विचारलं होतं, शंका कुठे लिहू. की पूर्वी इथे दुसरा माणूस शेजारी उभा असायचा, दुसरा चष्मा असायचा, आणि तो मी काढून टाकला. मी म्हणाले, ‘‘फॉर्म मंजूर पद्धतीप्रमाणे आहे.’’ त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. मला भीती वाटली होती. नोकरीची, टाळ्यांची, आणि ‘बाईला ठेवलं म्हणून असं झालं’ असं कुणी म्हणेल याची. कारणं सगळी माझ्यापाशी आहेत, नीट नंबर टाकून ठेवलेली.

इस्माईलभाईंना परत पाठवायचं ठरलं. इथे त्याला नुसतं ‘एक्झिट’ म्हणतात. जाणाऱ्यानं खात्याखात्यात जाऊन सह्या घ्यायच्या, बूट परत केले, चाव्या परत केल्या, कागद परत केले. कागदांची सही माझी. ते आले तेव्हा तोच इस्त्रीचा शर्ट होता. हातात आपल्या प्रशिक्षणाची निळी फाइल, तिला त्यांनी घरून खाकी कव्हर घातलेलं.

‘‘बगा बाय, सगली पानं हायत.’’

मी पानं मोजली. खरंच मोजली, त्यांच्याकडे बघायला लागू नये म्हणून. सही केली.

‘‘तुमचा कागद चांगला व्हता,’’ ते म्हणाले. ‘‘माजाच डोला चुकला. बोटीवर इतकी वर्सं कदी चुकला नाय.’’

ते लगेच गेले नाहीत. टेबलाच्या कडेवर हात ठेवून थोडे उभे राहिले. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असेल, किंवा नसेलही. मला आजपर्यंत तेच उभं राहणं दिसतं. मी म्हणाले, ‘‘तब्येतीला जपा.’’

‘‘इन्शाल्ला,’’ ते म्हणाले आणि गेले. दाराबाहेर त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. काचेतून मला दिसलं, ते चाचपडले, मग खिशातून रुमाल काढून पुसू लागले.

त्यानंतर मी दोन नोकऱ्या बदलल्या, पगार वाढला, टॉवरमध्ये आले. ईरा मोठी झाली. तिला माझं मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी तिच्यासाठी मराठीच्या वह्या केल्या होत्या, तक्त्यांसकट, रंगीत. तिच्याशी रोज अर्धा तास नुसतं बोलत बसले असते तर बरं झालं असतं, पण मी वह्या केल्या. एकदा ती म्हणाली, ‘‘आई, you always make forms.’’ ती चिडवत होती. मी आत जाऊन तोंड धुतलं.

इस्माईलभाईंना पत्र लिहायला मी किती वेळा बसले असेन. दर वर्षी, याच दिवसांत. सुरुवात जमायची, ‘आपण कुशल असाल.’ पुढे जायचं नाही. ऑक्टोबर आला, हवा कोरडी झाली, की पत्राचा विषय माझ्या मनातून मागे सरायचा. रतूबा उतरला की मनातली बोचही उतरायची, असली माझी टोचणी. मोसमी.

या वर्षी त्या ई-मेलनं मागे सरू दिलं नाही. रिकामी स्लाइड तीन दिवस उघडी राहिली. यशस्वी कशामुळे होतं? मला उत्तर येत होतं. देणारा निघून जायची घाई करत नाही आणि घेणाऱ्याला ‘मला कळलं नाही’ म्हणायला जागा असते, तेव्हा होतं. दोन माणसं एका काचेत आळीपाळीनं डोकावतात तेव्हा होतं. पण हे मी त्या टॉवरमध्ये, प्रोजेक्टरच्या उजेडात, कुणाच्या जिवावर सांगणार होते? ज्याचं होतं त्याला आधी सांगायला हवं होतं.

आमच्या मागच्या गल्लीत दापोलीच्या एकाचं दुकान आहे. आमसुलं, सुकट, उकडे तांदूळ. इस्माईलभाई तिथे जायचे. शुक्रवारी संध्याकाळी मी दुकानदाराला त्यांचा नंबर विचारला. त्यानं दोन-तीन ठिकाणी फोन केले आणि बिलाच्या मागे नंबर लिहून दिला. ‘‘घरचा हाय,’’ एवढंच म्हणाला. माझ्याकडे न बघता.

शनिवारी सकाळी साडेदहाला मी फोन लावला. एका बाईनं घेतला. झुलेखाबी, त्यांची बायको. मी नाव सांगितलं, दोह्याची म्हणून सांगितलं.

‘‘कागदवाली बाय?’’ त्या म्हणाल्या. आवाज एकदम उजळला. ‘‘चटनीवाली?’’

‘‘हो. इस्माईलभाई आहेत का?’’

मागे पाऊस वाजत होता, पत्र्यावर असावा. त्या म्हणाल्या, ‘‘त्यांना जाऊन दोन पावसाले झाले बाय.’’

मग त्याच बोलत राहिल्या. गावी आल्यावर नळाच्या पाण्याच्या पंपावर त्यांनी काम धरलं होतं. रोज संध्याकाळी पंपावर जायचे, काम नसलं तरी. ‘‘उलटा हात लावून बगायचे. मी म्हनायची, पुरे आता, कवातरी भाजंल. तर म्हनायचे, एकदा डोला चुकला, मानसं पान्याविना बसली, आता नाय चुकायचा. बिछान्याला लागले तवापन तोच. झुलेखा, त्या दिशी मी अजून एकदा चष्मा पुसला आसता तर.’’

तेव्हा मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. योहानची फेरी, मी केलेला फॉर्म, काढलेला रकाना, त्यांचा प्रश्न, माझं हसणं. समितीपुढचं ते एक वाक्य. बोलताना मला रडू येत होतं, मी ते आवरत नव्हते. शेवटी म्हणाले, ‘‘चूक त्यांची नव्हती, झुलेखाबी. माझी होती.’’



‘‘ह्या तुमाला तवाच ठावक व्हता?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘मग त्यांना सांगायचा व्हता बाय.’’ त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ‘‘मला आता सांगून काय उपेग? मी कुनाला सांगू?’’

नंतर त्यांनी मुकुंदची विचारपूस केली, ईरा किती मोठी झाली विचारलं, आणि सलाम म्हणून फोन ठेवला.

मी फोन टेबलावर ठेवला. खिडकीच्या काचेला बाहेरून घाम फुटला होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत होते. साडेदहाला फोन लावला होता. सगळं सांगायला अर्धा तासच लागला.